बटणवाल्यांचा पिचर

१७ एप्रिल १९४९, ईस्टर

फ्रँकला आज पुन्हा सगळं समजावून सांगितलं. माझा सख्खा भाऊ, पण दर ईस्टरला आईच्या टेबलाशी बसून तोच प्रश्न.

"करार वर्षाचाच ना? मग वर्ष संपलं की तू मोकळा. मला एका खाटीकखान्यात पटलं नाही तर मी दुसऱ्यात जातो."

"करार वर्षाचा असतो, पण त्यात एक कलम आहे. वर्ष संपलं तरी क्लबने म्हटलं की पुढचं वर्षही त्यांचं. मग त्याच्या पुढचंही. क्लबने मला विकलं तर मी दुसरीकडे जायचं, सोडलं तर जायचं. एरवी नाही."

"आणि तूच नाही म्हणालास तर?"

"तर घरी बसायचं. दुसरा कुठलाही क्लब हात लावत नाही. सगळ्यांचं आपसात ठरलेलं असतं."

फ्रँकने आईने केलेला कोलाचे, जॅम भरलेला गोड पाव, तोंडात कोंबला. "म्हणजे आमच्या इथली डुकरंसुद्धा—"

"जेवताना नको," आई फ्रँकला म्हणाली. "मर्लचा मालक भला माणूस आहे. घर दिलं. मुलगी दिली."

"तेच तर म्हणतोय मी," फ्रँक म्हणाला.

परतताना गाडीत माझी बायको लुएला माझ्याशी बोलत होती, माझं लक्ष नव्हतं. मी एकोणतीस वर्षांचा आहे. एकोणीसचा असताना हरमन क्लूगे साहेबांनी, म्हणजे लुएलाच्या वडिलांनी, मला एका खेड्यातल्या संघाकडून विकत घेतलं. मधली नौदलातली वर्षं सोडली तर तेव्हापासून इथेच, पेल्टनमध्ये. उन्हाळ्यात त्यांच्या बेसबॉल क्लबचा पिचर म्हणून चेंडू टाकायचे, हिवाळ्यात त्यांच्याच बटणाच्या कारखान्यात शिंपले कापायचे.


२१ एप्रिल

सराव सुरू. हात अजून लाकडासारखा. हिवाळाभर ओले शिंपले करवतीपुढे धरून बोटं सुजलीत. ऑगी ओरडला, "म्हाताऱ्या, तो चेंडू आहे. शिंपला नव्हे. सोड की हातातून!" ऑगी पेलेटियर आमचा कॅचर आणि मॅनेजरही तोच. दोन माणसं ठेवणं साहेबांना परवडत नाही. माझे चेंडू झेलून झेलून त्याची बोटं वाकडी झालीत, त्याचा हिशेब तो मला अधूनमधून ऐकवतो.

एक नवा पोरगा आलाय. डीन स्कोफील्ड. डावखुरा पिचर. इथूनच जवळच्या गावचा. उंच, लाजरा, हातपाय कुठे ठेवावेत ते कळत नाही अशी चाल. त्याने थोडेसेच चेंडू टाकले. ऑगीने जाळीचा मुखवटा वर केला, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाली ओढला. बोलला काही नाही.

ऑगी कधी गप्प बसत नाही.


२८ एप्रिल, गुरुवार

पहिली मॅच. जिंकलो. थंडी होती, तरी गुरुवार म्हटल्यावर बाकं बऱ्यापैकी भरली. गुरुवारी मी टाकतो हे गावाला ठाऊक आहे.

समोरच्या संघाच्या बाकावरून नेहमीचंच— "अरे घरजावई, आज सासऱ्याने पोटभर जेवू घातलं का?" त्यांच्या तिसऱ्या बॅटरला एक चेंडू बरगडीजवळून घातला. मग जरा शांतता.

फाटकावर तिकिटं फाडायला लुएलाच असते. तिला ते ऐकू जातं. घरी आल्यावर म्हणाली, "जरा आत घालायचा होतास. लागला असता."


५ मे

साहेब रोज संध्याकाळी सहाला जेवायला येतात. त्यांचं घर शेजारी, मध्ये फक्त गवत. हे घर त्यांनीच लग्नात दिलं. टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर ते बसतात, मांस तेच कापून वाढतात. आज पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की माझ्याच घरात मी कडेच्या खुर्चीवर बसतो.

लग्नाआधी त्यांना साहेब म्हणायचो, अजूनही तेच तोंडात येतं. लुएला पपा म्हणते. मला नाही जमत.

सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला तेव्हा हाच माणूस माझ्या उशाशी बसून असायचा. स्वतःच्या हाताने सूप पाजायचा. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं.


१३ मे

दोन मॅच, दोन्ही जिंकल्या. हात ठीक. बाकी काही नाही.


२२ मे

डीनने आज पहिल्यांदा पूर्ण मॅच टाकली. मी बाकावरून बघितलं. त्याचा चेंडू वळताना दिसत नाही. सरळ येतोय असं वाटतं आणि बॅट फिरेपर्यंत खाली गेलेला असतो. बॅटर परत जाताना बॅटकडे बघत होते, बॅटचाच दोष असल्यासारखे.

मॅचनंतर मी त्याला म्हटलं, "कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, मिस्टर द्वोराक. असाच जातो."

मिस्टर द्वोराक! ऑगी इतका हसला की त्याला बसावं लागलं.


३ जून

आज न्हाव्याकडे गेलो होतो. शेजारच्या खुर्चीत तोंडावर साबण लावून एक गृहस्थ बसले होते. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "तू द्वोराक ना? बटणवाल्यांचा?"

मग त्यांनी नाव सांगितलं. रीडी. पूर्वेकडच्या एका मोठ्या क्लबसाठी गावोगाव फिरून खेळाडू हेरतात. हा क्लब म्हणजे खरी मोठी लीग. रेडिओवर ज्यांच्या मॅच लागतात ती.

"तुझा सासरा खमका माणूस आहे हं," ते म्हणाले. "दोनदा मागितलं तुला. दोन्ही वेळा हाकलून दिलं मला. दुसऱ्या वेळी तर आकडा सांगायच्या आधीच."

मी विचारलं, "कधी?"

न्हाव्याचा वस्तरा थांबला. रीडींना कळलं असावं की मला हे माहीतच नाही. त्यांचा चेहरा पडला. "सेहेचाळीसच्या शरद ऋतूत," ते हळूच म्हणाले. "त्या वसंतात तू आमच्याविरुद्ध टाकलं होतंस ना, त्यानंतर. आणि पुढच्या वर्षी पुन्हा एकदा."

ती मॅच. मोठा क्लब सरावासाठी गाडीने जाता जाता एक दिवस पेल्टनला उतरला होता. मी पाच डाव टाकले. त्यांच्या लोकांना चेंडू लागेना. शेवटी त्यांच्यातला एकजण बाद होऊन परतताना माझ्याकडे बघून टोपीला हात लावून गेला. मी वर्षभर वाट बघितली. कुणीतरी येईल. मग मनाशी ठरवून टाकलं की ती आपली तेवढीच मजल होती. उगाच हुरळलो होतो.

अर्धीच दाढी करून उठलो. लुएलाला सांगितलं, साबण डोळ्यात गेला म्हणून डोळे लाल झालेत.


६ जून

कारखान्याच्या ऑफिसात गेलो. साहेब खिडकीशी बसून नव्या प्लॅस्टिकच्या बटणांचा नमुना उजेडात धरून बघत होते. सगळ्या फडताळांवर शिंपल्याची पांढरी पूड.

"रीडी तुमच्याकडे आला होता," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. "आला होता."

"दोनदा. मला सांगितलं नाहीत."

"मी नाही म्हणालो होतो. नाही म्हटल्यावर सांगायला काय उरतं?"

"साहेब, मी सव्वीस वर्षांचा होतो."

त्यांनी ते बटण बोटांत फिरवलं. मग म्हणाले, "लुएला गेली असती तुझ्याबरोबर. तिची आई नुकतीच गेली होती. त्या घरात मी भिंतींशी बोललो असतो का? आणि गुरुवारी हे लोक कुणासाठी येतात, सांग. तू गेलास की मैदान बंद. मग या गावात उरतं काय? हे?" — आणि ते प्लॅस्टिकचं बटण टेबलावर टाकलं. आवाजसुद्धा झाला नाही त्याचा.

"तुम्ही मला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास," साहेब म्हणाले. "बस. कॉफी घे."

आणि मी बसलो! कॉफी घेतली. दूध किती तेही सांगितलं. घरी येताना वाटेत स्वतःची इतकी चीड आली की टपालपेटीला लाथ घातली. पाय अजून ठणकतोय. तोही उजवा, चेंडू टाकताना ज्याच्यावर जोर देतो तोच.


७ जून

लुएलाला सांगितलं. तिलाही माहीत नव्हतं. ती रडेल असं वाटलं होतं. ती ॲप्रन सोडून सरळ गवतातून पलीकडे गेली. इथपर्यंत आवाज ऐकू येत होता, तिचाच. परत आली तेव्हा गाल लालबुंद.

"उद्यापासून तीनच्या ऐवजी दोनच ताटं," एवढंच म्हणाली.


१२ जून

संध्याकाळी सहाला त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो. डब्यातलं काहीतरी खातात. खिडकीतून दिसतं. आता मी टोकाच्या खुर्चीवर बसतो. तिथून ती खिडकी सरळ समोर येते.


२१ जून

ठरलं. कॅनडा.

ऑगीनेच काढलं. मॅनिटोबात एक लीग आहे, ते कुणाच्या करारबिराराला विचारत नाहीत. त्याचा जुना दोस्त तिकडे संघ चालवतो. "आठवड्याला दोनदा टाकायचं, बाकी मासे मारायचे," ऑगी म्हणाला. "पण नीट ऐक, मर्ल. एकदा तिकडे गेलास की इकडचं दार बंद. कायमचं. मोठी लीग विसरायची. लहानही विसरायची."

लुएलाला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "इकडचं कुठलं दार उघडं आहे?"

रविवारची मॅच खेळायची आणि सोमवारच्या गाडीने निघायचं. दोन बॅगा पलंगाखाली आहेत. लुएला मधेच गुणगुणते. लग्नानंतर तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.


२६ जून, रविवार

मॅचआधी लुएलाचं मन द्रवलं. उद्या जायचंच आहे, न भांडता जाऊ, म्हणून सूप घेऊन पलीकडे गेली. साहेब फरशीवर पडलेले. एक डोळा उघडा, तोंड एका बाजूला ओढलेलं.

जिवंत आहेत. डॉक्टर म्हणतात, उजवं अंग गेलं. वाचा परत येईल की नाही सांगता येत नाही.

मॅच ऑगीने दुसऱ्याला टाकायला लावली. हरलो.


२७ जून

गाडी स्टेशनात आल्याचं हॉस्पिटलमध्ये ऐकू येतं. लुएलाने मान वर केली नाही.


२ जुलै

बॅगा रिकाम्या केल्या. दोघांनी मिळून. शेवटी ती म्हणाली, "मी तीन आठवडे त्यांना वाढलं नाही, मर्ल."

मी तिचे केस सारखे केले. ती इथून हलणार नाही आता. आणि तिला सोडून मी कुठे जाणार.


१० जुलै

साहेबांना आणलं. आमच्याच खालच्या खोलीत. मी उचलून खुर्चीत बसवतो, मीच दाढी करतो. डाव्या हाताने माझं मनगट धरून ठेवतात. चांगली घट्ट पकड आहे अजून.


१९ जुलै

वकील आले होते. साहेबांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली, वकिलांनी साक्ष घातली. कारखाना लुएलाकडे. क्लब माझ्याकडे. साहेब बरे होईपर्यंत क्लबच्या सगळ्या व्यवहारात सही माझी.

"म्हणजे खेळाडूंचे करारही?" मी विचारलं.

"सगळे."

"माझाही?"

वकील चपापले. त्यांनी कागद वरखाली केले. "तसं बघितलं तर… हो. तुमचाही."

म्हणजे मीच माझा मालक! लुएलाला सांगितलं तर ती हसायला लागली, मग मीही. दोघं स्वयंपाकघरात तोंडाला फडकं लावून हसत होतो, कारण पलीकडच्या खोलीत ते झोपले होते. किती दिवसांनी.


२० जुलै

कपडे बदलायच्या खोलीत शिरलो आणि सगळे गप्प झाले. कुणीतरी काहीतरी सांगत होतं, ते मधेच तोडलं. "चालू द्या," मी म्हटलं. कुणी चालू केलं नाही. डीन बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला.

ऑगीला विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "काही नाही, बॉस." चेष्टेतच म्हणाला. पण म्हाताऱ्या म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.


२५ जुलै

रीडींना फोन केला. म्हटलं, "द्वोराक बोलतोय. पेल्टनहून. आता क्लब मी बघतो."

"मग गुरुवारी येतो," ते म्हणाले.

लुएलाने आजपासून रोज संध्याकाळी माझ्या खांद्याला तेल चोळायला घेतलंय. मॅनिटोबाचं काही बोलत नाही. मोठ्या लीगचंही नाही. फक्त चोळते.


२८ जुलै, गुरुवार

सगळं लिहून काढतो.

आठ डाव मी टाकले. तीन वर्षांत इतकं चांगलं टाकलं नव्हतं. वेग होता, चेंडू वळत होता, जिथे म्हणेन तिथे जात होता. ऑगी मधे एकदा जवळ आला आणि म्हणाला, "हे काय, आज लग्न आहे की काय तुझं?" रीडी तिसऱ्या रांगेत बसले होते. मी त्या बाजूला बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि प्रत्येक चेंडूनंतर बघत होतो. नवव्या, शेवटच्या डावात खांदा जड झाला. डीनला पाठवलं. त्याने तीन बॅटर बाद केले. मला वाटतं अकरा-बारा चेंडूंत.

नंतर रीडी बाकांच्या मागे आले, जिथे गवत कापायचं यंत्र ठेवतात. टोपी हातात.

"सुंदर टाकलंस," ते म्हणाले.

मी वाट बघितली.

"मर्ल, मी गोड बोलून फसवणारा माणूस नाही. तू तीसचा होशील. आमच्याकडे आत्ता आणलं तरी आधी वर्षभर खालच्या संघात ठेवतील. मग एकतीस. वरचे लोक मला वेड्यात काढतील." त्यांनी टोपी फिरवली. "सेहेचाळीसमध्ये मी तुला स्वतःच्या गाडीत घालून नेलं असतं. शप्पथ."

"हो," मी म्हटलं.

"तो डावखुरा. तो कितीचा?"

"एकवीस."

मग मला कळलं.

"त्याचं बोलू आपण," रीडी म्हणाले. "तुझी तयारी असेल तेव्हा."

घरी लुएला दारातच उभी होती. माझ्याकडे बघितलं. पाणी गरम केलं, टॉवेल खांद्यावर ठेवला.


२९ जुलै

हात वर होत नाही. साहेबांची दाढी लुएलाने केली.


१ ऑगस्ट

स्वतःला करारातून सोडून द्यावं असं मनात आलं. सही करायची, झालं. पण सोडून जायचं कुठे? मोठ्या लीगला नको आहे. मॅनिटोबाला लुएला येऊ शकत नाही. मग सही केली काय आणि नाही काय. गुरुवारी मी असतो तिथेच असणार.

इतकी वर्षं वाटत होतं की ते कलम मला धरून ठेवतंय.


४ ऑगस्ट, गुरुवार

आज साहेबांना गाडीतून मैदानावर नेलं. गाडी उजवीकडच्या कुंपणाशी लावली, काच खाली केली. आज मी टाकलं नाही, खांद्यामुळे. डीनने टाकलं. गुरुवारी मी नाही म्हणून लोक उठून जातील असं वाटलं होतं. कुणी उठलं नाही. सातव्या डावात तर उभे राहून टाळ्या.

मी गाडीशी गेलो. साहेब डाव्या हाताने दारावर थाप मारत होते. बोलायचा प्रयत्न करत होते. "ठे—" म्हणाले. "ठेव." दोन-तीनदा. जीभ वळत नव्हती पण कळत होतं. पोराकडे बोट होतं.

कारखान्यात या महिन्यात आणखी माणसं कमी केली. शिंपल्याची बटणं कुणी घेत नाही. शुक्रवारी घरी बसवलेला माणूस गुरुवारी मॅचला आलेला असतो, हे मी फाटकावर बघितलंय. डीन गेला आणि माझा हात असाच राहिला, तर पुढच्या वर्षी मैदानाला कुलूप. साहेबांचं त्यात चुकत नाही.

त्यांचं त्यात चुकत नाही हेच मला नको होतं.


८ ऑगस्ट

रीडींचा फोन. त्यांच्या क्लबची तयारी आहे, पण आत्ताच. ऑगस्ट संपायच्या आत मुलगा हवा. मी म्हटलं, तीन दिवस द्या.

लुएलाला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. "पपांना काय सांगशील?"

"खरं तेच."

"मरतील ते."

"नाही मरणार."

तिने आणखी एक शेंग सोलली. मग म्हणाली, "तू जे करशील ते मी निस्तरीन. पण नंतर मला म्हणू नकोस की तुझ्या बापासाठी थांबलो. एकदाही म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

वाटाण्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मीही सोलले.


११ ऑगस्ट, गुरुवार

सही केली.

सकाळी वकिलांच्या ऑफिसात. सही छान आली. डीन स्कोफील्ड आता मोठ्या क्लबचा. रीडी तार करतील, त्याला शनिवारी निघावं लागेल.

खरं सांगायचं तर रस्त्यावर आल्यावर मी पळालो. खरंच पळालो, टोपी हातात घेऊन, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. लोक बघत होते. किती वर्षांनी छाती मोकळी झाली! माझ्यासाठी कुणी केलं नाही ते मी केलं. हा पोरगा तीस वर्षांचा होऊन न्हाव्याच्या खुर्चीत बसून कुणा परक्याकडून आपल्या आयुष्याची बातमी ऐकणार नाही. त्याच्या टेबलाच्या टोकाला दुसरं कुणी बसणार नाही. तो खाली गेला, वर गेला, फसला तरी त्याचं त्याला कळेल की आपली मजल किती होती. मला कधीच कळणार नाही, ते जाऊ दे.

साहेबांना मीच सांगितलं. खुर्चीपाशी गुडघ्यावर बसून. त्यांनी डोळे मिटले. माझं मनगट शोधलं नाही. मग संध्याकाळी जेवले. लुएलाने भरवलं, थोडं सांडलं, पण जेवले.

आज मॅच मी टाकली. हरलो. काही वाटलं नाही. परत येताना लुएला म्हणाली, "आज तू तरुण दिसतोयस." हसून म्हणाली.

झोप चांगली लागेल.


१३ ऑगस्ट

सकाळी डीन आला. हातात बॅग. आत ये म्हटलं तर आला नाही, पायरीवरच उभा राहिला. मी अभिनंदन म्हणून हात पुढे केला.

तो म्हणाला, "या हिवाळ्यापासून मी खेळणं थांबवणार होतो, मिस्टर द्वोराक. रूथशी लग्न करून तिच्या वडिलांबरोबर शेत घ्यायचं ठरलं होतं. आता नाही गेलो तर उरलेला मोसम इथेही खेळता येणार नाही म्हणतात. आणि लोक म्हणतील, घाबरला." आवाज चढवला नाही. "संघात सगळ्यांना माहीत होतं."

मी म्हटलं, "मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

बस दहाची होती. गेला.